राजाचं मागचं

औशात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही चौघं एक राजा रचायलोत.
बंड त्यानं केलंय, एवढं ठरलंय.
मागचं काहीच नाही अजून,
ना आई, ना गाव, ना राग.

रेवणसिद्ध म्हणतो, पळसावर वीज पडली
अन् राखेत हा सापडला.
मुनव्वर म्हणते, नको,
विजेतून आलेले सगळे शेवटी गादीवरच बसतात.
ह्याचं आधी काहीतरी हरवू दे.

मी वहीत लिहितो:
बारवेच्या शेवटच्या पायरीखाली
जुन्या राजानं माणसांची नावं पुरली.
हाक मारायची सोय गेली.
हाक नाही तर कुणी वळत नाही,
असं चाळीस वर्षं.
मग एक पोर उतरलं, दोराशिवाय.

वर येताना आवाज शाबूत राहिला का?
फासा टाकला. एक.
एकाला आमच्यात दयामाया नाही.
मुकं तर मुकं.

'मग फौज काय शिट्टीनं बोलावणार?'
रेवण चिडलाय.

सोपान, जो नुसता बसायला येतो,
महिन्याभरात पहिल्यांदा बोलला:
'ज्याचं नाव त्याच्या तळहातावर
बोटानं लिहिलं असंल त्यानं.
अंधारातबी कळतं.
माझी बहीण लिहिते तसंच.'

खाली शटर पडलं.
फासा कुणी उचलला नाही.
रेवणनं वहीतली वीज खोडली,
स्वतःच्या तळहाताकडं बघितलं जरा,
अन् विचारलं,
'माझ्या गड्याचं नाव
किती अक्षरी ठेवू?'