उपाय संपवून या

वकील कडोलकर चष्मा पुसत म्हणाले,
"कोर्टात जाऊ की ओ, त्यात काय,
पण आधी उपाय संपवून या."

उपाय संपले, हे मी आधी एकदाच ऐकलं होतं.
हे गेले तेव्हा, बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात.
डॉक्टर जमिनीकडं बघत बोलले
आणि नर्सबाईनं पडदा ओढला.
तेव्हा ते आपोआप संपले होते.
आता मी संपवायचे,
एकेक, पोचपावतीसकट.

पाकिटाच्या पाठीवर वकिलांनी उतरंड काढून दिली:
शाखा, तिच्यावर बेंगळूर, त्याच्यावर लोकपाल,
अगदी वर, मडक्याच्या झाकणाएवढं, कोर्ट.

शाखा खानापुरातच, स्टँडसमोर, जिना चढून.
भरतकामाचं यंत्र घेतलं होतं, मोटर लागलेलं.
अठरा हप्ते, अठरा पावत्या,
दोऱ्यात ओवून खुंटीला टांगलेल्या.
नोव्हेंबरचा हप्ता त्यांच्या कॉम्प्युटरात नाही.
पावती आहे, हप्ता नाही.
मी यलुबाई बिर्जे. आधारवर कन्नडात यल्लव्वा.
इंग्रजीत कुणीतरी तिसरंच नाव घातलंय,
त्या नावानं हाक मारली तर मी वळूनसुद्धा बघणार नाही.
माझे दोन हजार एकशे चाळीस
बैलहोंगलच्या कुठल्या यल्लव्वाच्या खात्यात
जाऊन बसलेत.

खिडकीतली हिरेमठांची पोरगी वाईट नाही.
पाणी देते, माझ्या मोडक्या कन्नडला हसत नाही.
अर्ज घेते, केबिनकडं बघते,
आणि हळूच म्हणते, "नाळे बर्री, अक्का."

लहानपणी ऐकलेली गोष्ट आहे.
रात्री दारं वाजवत एक भूत फिरायचं,
म्हणून लोकांनी दारावर लिहून ठेवलं:
नाळे बा. उद्या ये.
भूत वाचायचं, परत जायचं.
दुसऱ्या रात्री यायचं, पुन्हा तेच वाचायचं.
मला तेव्हा भुताची भीती वाटायची.
किती सरळ होतं बिचारं,
लिहिलेलं खरं मानायचं.

बेंगळूरला रजिस्टर पोस्टानं पाठवलं.
तीस दिवस थांबायचं म्हणे.
पत्र सव्विसाव्या दिवशी आलं, कन्नडात.
धाकट्या नातवानं वाचलं, तो त्या शाळेत जातो.
"आज्जी, फार मानानं लिहिलंय गं.
तुमची तक्रार मिळाली, चौकशी चालू आहे."
आणि?
"आणि सही."

वसुलीचा फोन मात्र रोज येतो,
सकाळी नऊला, कुकरच्या शिट्टीबरोबर,
अगदी स्वच्छ मराठीत.

कधी कधी त्या दुसरीचा विचार येतो.
एक महिना तिचा फोन वाजला नसेल.
तिनं काय समजलं असेल?
देवीपुढं नारळ फोडला असेल कदाचित,
देवीनंच भरला म्हणून.
दोघींची नावं सौंदत्तीच्या एकाच डोंगरावरून आलेली.
तिच्यावर राग काढायला बसते,
आणि निघत नाही.

एकतिसाव्या दिवशी जिना चढले.
म्हटलं, "बाई, पैसे राहू द्या.
उपाय संपले, एवढंच लिहून द्या. शिक्का मारून."
पोरगी केबिनकडं बघत म्हणाली, "नाळे..."
आणि पुढचं गिळलं.

मी बाकड्यावर बसले.
पिशवीतून घोटगाळीच्या नवरीचं ब्लाऊज काढलं,
सुईत दोरा घातला.
सहा हुक लावायचे होते.
चौथ्या हुकाला
केबिनचं दार आतून वाजलं.