नळाची पाळी

डिकीतून सगळ्यात आधी ओले टॉवेल निघाले,
मग बॅट, जिला तीन दिवस चेंडू दिसला नाही,
मग बडीशेपेच्या डबीत जमवलेले शिंपले.
शिंपले कसले, गोगलगायीच त्या,
दोन अजून चालतायत.

पितृपक्ष म्हणून हनुवंतियाचं कॉटेज अर्ध्या भावात मिळालं.
पाऊस मात्र पुऱ्या भावाचा लागला.
असल्या दिवसांत कोणी हिंडायला जातं का, वासंती म्हणाली होती,
आणि छत्र्या सोडून सगळं भरलं होतं तिनं.
छत्री एकच, नानांची.

परतताना मोरटक्क्याच्या पुलाअलीकडे दोन तास.
नर्मदा पुलाला टेकायला आलेली,
पोलीस म्हणाला, रुको भिया.
थांबलो. भुट्टे खाल्ले. काचेवर वाफ धरली.
शर्वरीने तीत बोटाने होडी काढली, होडीत पाच माणसं,
ओजसने त्यातलं एक पुसलं.
ते भांडण चोरलचा घाट संपेपर्यंत पुरलं.

नाना पुढच्या सीटवर. मांडीवर मिटलेली छत्री.
ना भुट्टा, ना चहा.

नाना म्हणजे माझे सासरे.
हरसूदला त्यांचं सायकलचं दुकान होतं, टॉकीजच्या वळणावर.
होतं म्हणायचं की आहे,
पाण्याखालच्या दुकानाला कुठला काळ लावतात
ते शाळेत शिकवलं नव्हतं.

परवा बोटीत नारिंगी जॅकेट त्यांच्या हनुवटीपर्यंत आलं होतं.
बोटवाला पोरगा, असेल विशीचा,
हात लांब करून म्हणाला, उधर, वो टापू के पीछे, हरसूद था.
पर्यटकांना सांगतात तसं. आम्ही पर्यटकच होतो.
मुलांनी बघितलं, काही दिसलं नाही, परत चिप्सकडे वळली.
वासंतीने ओढणी डोक्यावर घेतली.
पाऊस होता म्हणून, असं मी धरून चाललो.
नाना कठड्यावरून वाकले
आणि घमेल्यात ट्यूब दाबून पंक्चर शोधायचे
तसं एक डोळा बारीक करून पाणी बघत राहिले,
बुडबुडा कुठून येतो ते.

वरून थेंब पडत होते.
सगळीकडूनच बुडबुडे येत होते.

सुदामानगरात शिरलो तेव्हा रात्रीचे अकरा.
कुलूप फुगलेलं. शेव सादळलेली. टाकीत थेंब नाही.
तीन दिवस भिजलेल्या माणसांना
हात धुवायला बिस्लेरीची बाटली.
शेजारच्या मंडलोई वहिनी गॅलरीतून म्हणाल्या,
आज नर्मदा आलीच नाही हो, बहुतेक पहाटे येईल.
इथे नळाला पाणी येत नाही, नर्मदा येते,
एक दिवसाआड, तासभर,
आणि आम्ही तिच्यासाठी अलार्म लावतो.

अलार्मच्या आधीच मोरीत खडखड झाली.
नळ खोकला, फुसफुसला, बराच वेळ नुसती हवा सोडत राहिला.
गेलो तर दिवा न लावता नाना बादलीशी उकिडवे बसलेले,
नळाखाली तळहात धरून.
म्हटलं, झोपा तुम्ही, मी भरतो.
म्हणाले, तिथून इथवर यायला किती दिवस लागत असतील?

कुठून, हे मी विचारलं नाही.
धरणं, जलूदचे पंप, डोंगर चढणारे पाइप
मनातल्या मनात मोजले, गणित जमेना,
अंदाजाने म्हटलं, चार-पाच दिवस.

म्हणजे हे आपल्या आधीचं, नाना म्हणाले.
आपण होतो तेव्हाचं अजून वाटेत आहे.

बादली भरून वाहायला लागली होती.
त्यांनी नळ बंद केला नाही,
पायाने दुसरी बादली पुढे सरकवली.
परवाची पाळी, म्हणाले,
मीच भरीन.