फेरा

तालुक्यातल्या सत्तावीस गावांचे हातपंप माझ्याकडे.
पाना धरला की मनगट आपोआप वळतं.
आवळायचं, गळती थांबवायची, पुढच्या गावाला निघायचं,
एकोणीस वर्षांत एवढंच शिकलो.

हा स्क्रू वेगळा.
नागपूरहून पेन्सिलीएवढा पाना दिला त्यांनी,
सोबत एक तक्ता:
सकाळी एक फेरा, रात्री एक फेरा,
आधी डावा, मग उजवा.
दोन फेऱ्यांचा मिळून एक मिलिमीटर.

सोनलच्या डोक्याभोवती धातूची अर्धी कडी,
कानांच्या वर कवटीत रोवलेली.
कपाळावरून नाकासमोर उतरलेली दांडी,
दांडीपासून तोंडात गेलेल्या दोन तारा.
वरचा जबडा त्यांनी कापून मोकळा केलाय.
मी तो रोज पुढे ओढतो.

जन्मली तेव्हा ओठ फाटका, टाळू उघडी.
ओठ शिवला. टाळू शिवली.
शिवलेली जागा मागे राहते
हे तेव्हा कुणी सांगितलं नाही,
की सांगितलं आणि आम्ही ऐकलं नाही.
खालचा जबडा वाढत गेला,
वरचा तिसरी-चौथीतच थांबला.
भाकरीवर तिच्या दातांची खूण कधी उमटली नाही.
बोरं दाढेनं फोडायची.
शिलाई मशीनवर बसली की दोरा तोडायला
आईच्या तोंडापुढे धरायची.

डॉक्टरीण म्हणाली, घाई केली तर फटीत हाड धरणार नाही,
आळस केला तर आहे तिथेच जुळून येईल.
मी विचारलं, फटीत काय असतं?
आधी काहीच नाही, म्हणाली. मग मऊ काहीतरी. मग हाड.

पाइप कापावा, तुकडे हळूहळू लांब सारावेत
आणि मधे आपोआप पाइप यावा,
असं मी कोणत्याच गावात पाहिलं नाही.

नाकातला आवाज कदाचित वाढेलही, असंही तिनं सांगितलं.
सोनलनं खांदे उडवले,
"तसंबी नाकातच बोलतो मी."

चौथ्या रात्री लाईट गेली.
बायकोनं मोबाइलचा उजेड धरला, हात हलत होता तिचा.
मी फेरा दिला.
सोनलनं माझं मनगट पकडलं.
"उलटा फिरवला, बाबा."
जन्मभराची सवय, आवळायची.
दोन फेरे सरळ द्यावे लागले त्या रात्री,
आणि तिनं दोन्ही वेळा डोळे मिटले नाहीत.
मीच मिटले.

दुकानावरचा गुलाब मेश्राम म्हणाला,
"पोट्टीले अँटेना लावला का वो?"
तिनं पाटी पुढे केली. त्यावर लिहिलं होतं:
हाव. तुमच्या घरचं सारं आयकू येते.

पातळ कण्या, ताक, वरणाचं पाणी.
तारांना चिकटलेलं आई कापसाच्या बोळ्यानं पुसते,
जसं मी पंपाच्या दांड्याचं वंगण.
नाही, तसं नाही.

बाराव्या दिवशी वरचे दात खालच्यांच्या पुढे आले.
तक्त्यात रकाने संपले.
आता पाना पेटीत ठेवा, म्हणाले,
तीन महिने नुसतं थांबायचं, हाड पिकेपर्यंत.

फिरवण्यासारखं काही नसताना थांबणं मला येत नाही.
सहाला जाग येते, हात उशाशी पाना शोधतो.

आई तिच्याकडे बाजूनं बघते आणि विचारते,
कोणावर गेली ही?
माझं नाक, तिची हनुवटी, आजीचे डोळे,
सगळं आधीचंच आहे.
मधले बारा मिलिमीटर मात्र
आमच्यापैकी कुणावरच गेलेले नाहीत.

काल ती ब्लाउजला हात-शिलाई करत होती, कडीसकट.
शेवटची गाठ मारली, दोरा ओढला,
सवयीनं आईपुढे धरला,
मग परत घेतला.
"अजून नाही," आई म्हणाली, "कच्चं हाय."
"माहीत हाय मले," ती म्हणाली,
आणि दोरा न तोडताच
सुई तशीच लटकती ठेवून
ब्लाउज घडी करून ठेवला.