घट

टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी घट लिहिली.
सूत आलं शंभर किलो, माल गेला सत्त्याण्णव.
मधले तीन तूस होऊन उडाले,
थोडे पंख्याच्या पात्यांवर,
थोडे यल्लप्पाच्या छातीत.
वहीत कारण लिहायचं नसतं, नुसता आकडा.

आता हस्ताच्या पावसात
मी दोन डबे मांडतो, तेलाचे, तोंड कापलेले.
एक गच्चीवर, उघड्या आभाळाखाली,
एक अशोक चौकाकडून येताना
गल्लीच्या तोंडाशी, कडुलिंबाखाली.
सकाळी पट्टी बुडवतो.
गच्ची अकरा मिलिमीटर. लिंब सात.

चार कुठे गेले?

वर पाहतो. पानापानाच्या दात्याला
एकेक थेंब, पडू की नको करत लोंबतोय.
साल पिऊन काळी, जड.
नऊच्या उन्हात फांद्यांतून वाफ निघते
आणि चार मिलिमीटर आल्या वाटेनं परत जातात,
गटाराला न भेटता,
क्यातमांच्या उंबऱ्याला न शिवता.

"झाड पाणी खातंय, दिवाणजी," रेवणसिद्ध म्हणतो.
"आधीच नळाला पाचव्या दिवशी पाणी."
त्याचंही खोटं नाही.
मी लिहितो: घट चार.

नरसम्मा विड्यांची पाटी घेऊन निघते,
सर आली की इथेच थांबते.
"पहिल्यांदा तंबाखू भिजत नाही," ती सांगते,
"मग झाडच पडायला लागतं. तेव्हा निघायचं."
आणि खरंच, रस्ता वाळायला लागला तरी
लिंबाखाली अर्धा तास
कालचाच पाऊस चालू असल्यासारखा.

परवा डबा हातभर सरकवला,
दोन फांद्या फुटतात त्या बेचक्याखाली.
सकाळी पट्टी बुडवली. चौदा.
पुसून पुन्हा बुडवली. चौदा.
आभाळानं दिले अकरा, झाडाखाली चौदा!
कारखान्यात असा आकडा मांडला असता
तर मालकानं चष्मा बदलायला सांगितलं असतं.
माझ्या वहीत वाढीला रकानाच नाही.

नरसम्माला बोलावून डबा दाखवला.
तिनं आत डोकावलंसुद्धा नाही.
खाली बोट केलं: मातीत एक गोल खळगा,
बुडाच्या मापाचा, वर्षानुवर्षांचा.
"तिथं माझी घागर असते.
डबा जरा तिकडं घ्या की."

घेतला.