आळं

जतच्या अलीकडं आमची शाळा. मे महिना, कुलूप.
खिचडी नाही, म्हणून तांदूळ धुतलेलं पाणी नाही,
म्हणून वांग्यांनी माना टाकलेल्या.
‘इयत्ता तिसरी’ ही पाटीसुद्धा उन्हानं पुसलेली.

किल्ली माझ्याकडं असते.
रोज वाटतं, जाऊन यावं.
गुडघा नको म्हणतो.

काल गेले, तर दोडक्याचं आळं ओलं.
कुंपणाच्या तारेत हिरव्या रिबिनीचं सूत.
ही मायाक्काच.
पाढ्यांत कच्ची,
टँकरच्या रांगेतनं एक बाटली बाजूला काढणारी.

वेलावर शेवटचा दोडका, वाळून खडखडीत.
तोडला नाही तिनं.
मी कानाशी धरून हलवला:
आत बिया, बऱ्याच.

किती, ते जूनमध्ये
तिलाच मोजायला लावीन.