पासष्टला जरा कमी

सकाळी साडेसहाला मी यंत्राला आधी
ओळखीचं रक्त पाजते.
खरं तर रक्तही नाही, बाटलीतला कंट्रोल,
त्याचा आकडा कंपनीनंच छापून पाठवलेला.
त्याला घर नाही, आडनाव नाही,
खाली बाकावर कुणी त्याच्यासाठी उपाशी बसलेलं नाही.
त्याचा युरिया चाळिसाच्या आसपास आला
की गंजमाळचा हा दुसरा मजला सुरू होतो.

युरिया म्हटलं की दिंडोरीला माझ्या आईला
पंचेचाळीस किलोची गोणी आठवते.
"तू गोणीतला मोजतेस की माणसातला?"
एकच गं, मी म्हणते.
मुळाशी पडला तर वेलीचं पान काळपट हिरवं होतं,
रक्तात साचला तर भाकरीला
नळाच्या तोटीची चव येते.

डाळ, अंडं, परवाचं मटण,
सगळ्याचं शेवटी हे एवढंच उरतं,
आणि ते बाहेर टाकणारे दोघे
पाठीमागे, कमरेच्या वर, न बोलता राबतात.
थकल्यावरही सांगत नाहीत.
माझा कागद सांगतो.

एक एन्झाइम युरिया फोडतं, अमोनिया सुटतो,
दुसरं त्याला पकडायला धावतं,
आणि डोळ्यांना न दिसणारा उजेड
थेंबभर पाण्यातून आधीपेक्षा मोकळा पार होतो.
हा सगळा पाठलाग मिनिटभराचा.
शेजारच्या कुपीत क्रिएटिनिनसाठी पिवळं पिक्रेट
हळूहळू केशरी होत जातं,
आणि केशरी जितकं गडद, तितकी मी गप्प.

मंगळवारी आणि शुक्रवारी सायमन पगारेंच्या दोन नळ्या येतात:
एक डायलिसिसच्या आधीची, एक नंतरची.
जेल रोडला राहतात. नोट प्रेसमध्ये एकतीस वर्षं
छापलेले ताव तपासले:
शाई पसरली, आकड्याची शेपटी तुटली,
की ताव बाजूला.
परवा रिपोर्ट घ्यायला स्वतः आले,
हाताला पट्टी तशीच.

आधी एकशे अठ्ठेचाळीस. नंतर बावन्न.
घट: पासष्ट टक्के.
पासष्ट म्हणजे पास.

त्यांनी पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं भागाकार मांडला.
रांग वाढत होती. मागे एक बाई बाळाला थोपटत होती.
"ताई, हे पासष्ट नाही.
चौसष्ट पॉइंट आठ सहा आहे."
सॉफ्टवेअर पूर्ण करून घेतं, काका.
"घेऊ दे. मी नाही घेत."

मी बावन्नची नळी पुन्हा लावली.
त्रेपन्न.
पुन्हा लावली.
एक्कावन्न.
त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला
कुठल्याच तक्त्यात बसवता येईना.

मग मी सांगितलं, जे आम्ही खिडकीतून सांगत नाही:
की यंत्राचा हातही थरथरतो,
पिपेटच्या टोकाला थेंब कधी जास्त रेंगाळतो,
की आकडा म्हणजे खुंटी नाही,
खुंटीभोवती दोरीला बांधलेलं जनावर,
फिरेल, पण फार लांब जाणार नाही.

"म्हणजे मी तिघांच्या मधे कुठेतरी आहे."
हो.
"आणि तुम्ही लिहिणार एकच."
हो.

ते हसले. मोठ्यानं नाही.
"आमच्याकडे असला ताव
आम्ही उजेडासमोर धरायचो," म्हणाले,
आणि रिपोर्ट खिडकीकडे धरला,
बाहेर सीबीएसकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वर,
जणू त्यात कुठेतरी पाण्याची खूण असेल.

पाकीट मात्र काउंटरवर विसरले.
भागाकार अजून दिसतोय, बाकी न संपलेला,
आठ सहा चार आठ सहा चार.
नळ्या आम्ही सात दिवस ठेवतो.
फ्रीजच्या तिसऱ्या कप्प्यात, शुक्रवारच्या रॅकमध्ये,
त्यांची नंतरची नळी उभी आहे,
वर फिकट पिवळं, खाली गडद,
झाकणावर माझ्या अक्षरात
फक्त आडनाव आणि वेळ.