रकाना चौदा

नाव लिहायचं नाही असा कायदा आहे,
म्हणून या कागदाबाहेर मी त्याला मुंजा म्हणते.
वय सोळा वर्षं दोन महिने. राहणार चंदनझिरा, जालना.
एका पोराचा जबडा मोडला त्यानं,
बारा एमएमच्या सळईनं,
जी इथल्याच भट्टीत तयार झाली
आणि इथल्याच रस्त्यावर पडली होती.

रकाना चौदा: कुटुंबात गुन्हेगारीचा पूर्वेतिहास
आहे / नाही. लागू नसेल ते खोडा.

बाप हर्सूलला. तो आत गेला तेव्हा
मुंजा सात महिन्यांचा, पोटात.
तरी खोटं बोलताना हा डावा कान चोळतो,
तसाच बाप चोळायचा म्हणे.
चुलता तंबाखू मळत हसला:
खाण तशी माती, म्याडम. कशाला उन्हात फिरता?

मी फिरले.
घराच्या पत्र्यावर बोटभर काजळी.
वाळत घातलेला सदरा
अंगातल्या सदऱ्याइतकाच मळतो.
नळ अकरा दिवसांनी. शाळा सातवीत सुटली,
सुटली की सोडवली, मास्तरांना आठवत नाही.
कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं त्याला ट्यूब चिकटवायला शिकवलं
आणि कुठं मारलं की वळ दिसत नाही, तेही.
चला, म्हटलं, सापडलं. वाण नाही पण गुण लागला.
पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात धाकटा आला, घामानं निथळत.
तोच बाप, तीच आई, तीच काजळी, तोच गॅरेजवाला.
हा बायपासला सोळाशे मीटर पळतो, भरतीसाठी.
पाच मिनिटं अठरा सेकंद,
मी न विचारताच त्यानं सांगितलं
आणि डावा कान चोळला.

बियाण्याच्या पिशवीचं बरं असतं.
माझा भाऊ कंपनीत उगवण तपासतो:
ओल्या कागदात शंभर दाणे गुंडाळायचे,
काही दिवसांनी कोंब मोजायचे, लेबल चिकटवायचं.
रान उगवलंच नाही तर कंपनी म्हणते जमीन,
शेतवाला म्हणतो बी,
आणि पंचनाम्याला आलेला साहेब दोघांचा चहा पितो.
चहा मीही प्याले.

आई दिवे लागल्यावर आली.
कपाशीच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जाते ती.
संध्याकाळी कळीतला नर नखानं सोलून टाकायचा,
सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा,
वर दोरा, म्हणजे कोण कुणाचं ते कळतं.
बावीस वर्षं. नखं पिवळी.
वंशातलं तिच्याइतकं जालन्यात कुणाला कळत असेल?
म्हणून विचारलं, रक्तातच असतं का हो हे?
ती म्हणाली,
रातच्याला खोकायलंय का लेकरू?
चादर हाय का त्याला?

मागच्या दिवाळीत माझ्या मुलानं आरशात मूठ घातली.
सात टाके. डॉक्टर ओळखीचे.
वयच आहे, म्हणाले सगळे.
माझे वडील ताट भिरकावायचे, भरलेलं, पितळी.
भिंतीचा उडालेला टवका आई कॅलेंडरनं झाकायची,
त्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे.
आमच्या दारात कुणी फॉर्म घेऊन आलं नाही.
हात माझाही शिवशिवतो. कुठल्या रकान्यात बसेल हे?

दुसऱ्या दिवशी निरीक्षणगृहात मुंजा समोर बसला.
उलटा कागद वाचता येतो त्याला.
चौदात काय लिहिलं म्याडम?
अजून काही नाही.
मग बापाचं नाव तरी लिहा, म्हणाला,
नायतर बापच नाही वाटंल.
कान चोळला नाही.

मग खोकला. बराच वेळ.
मी भांडारातून चादर आणली, रजिस्टरला सही केली,
आणि शेरा म्हणून सोडलेल्या दोन ओळींत लिहिलं:
खोकला, पाच दिवस. आईला माहीत आहे.

चौदा तसाच आहे.
उद्या अकराला मंडळापुढे जायचंय.